टिपेश्वर अभयारण्य: ऑक्टोबरमध्ये जायचं असेल तर काय माहीत हवं?

यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतं आणि साधारणपणे 1 ऑक्टोबरला उघडतं. त्याच सुमारास तिथल्या वाघांचे व्हिडिओ पुन्हा फिरू लागतात. पण पाणवठ्यात बसलेला वाघ दिसतो, ते व्हिडिओ बहुधा एप्रिल-मेमधले असतात.

ऑक्टोबरमध्ये सागाला भरगच्च पानं असतात, गवत उंच असतं, नाले वाहत असतात. पाणी सगळीकडे असल्यामुळे प्राण्यांना ठरावीक पाणवठ्यावर यावंच लागत नाही. रस्त्यापासून दहा फुटांवर वाघ असला तरी तो दिसेलच असं नाही. फक्त वाघच पाहायचा असेल तर मार्चनंतर जाणं शहाणपणाचं. हिरवं जंगल, चितळ, रोही, पक्षी यांत रमणार असाल तर मात्र ऑक्टोबर चांगला. पहाटे गारवा असतो, दुपारी ऊन चटका देतं, त्यामुळे सकाळची फेरी घ्या. उशिरापर्यंत पाऊस झाला तर आतले काही रस्ते बंद राहू शकतात.

पोहोचायचं कसं? अभयारण्य पांढरकवड्याजवळ आहे. हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर असून नागपूरहून गाडीने साधारण तीन तास लागतात. वणी, मुकुटबनकडून येणाऱ्यांनाही पांढरकवडाच सोयीचं. सुन्ना हे प्रवेशद्वार तिथून जवळ पडतं. क्षेत्र सुमारे 148 चौरस किमी, म्हणजे ताडोब्याच्या गाभा क्षेत्राच्या जेमतेम पाव. गाड्या मोजक्याच सोडतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीसाठी वनविभागाच्या संकेतस्थळावर आधीच आरक्षण करा. ओळखपत्र सोबत ठेवा. साप्ताहिक सुट्टी आणि मोबाइलचे नियम तेव्हाच विचारून घ्या.

(इथून कृष्णा आणि भीमा वाहतात, असं इंटरनेटवर वाचायला मिळतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या त्या नद्यांचा इथे काही संबंध नाही. हा भाग पैनगंगेच्या खोऱ्यातला आहे.)

आता महत्त्वाचं. वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाही. 2019 मध्ये टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ तेलंगणात जाऊन, शेतं-रस्ते ओलांडत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर तो 1,300 किमीहून जास्त चालला होता. लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले.

ऑक्टोबरमध्ये भोवतालच्या शेतांत कपाशी आणि तूर उंच झालेली असते. रानडुकरं तिथे शिरतात, त्यांच्यामागे कधी वाघही. याच दिवसांत कापूस वेचणी सुरू होते आणि बाया तासन्‌तास वाकून वेचत असतात. याच पट्ट्यात, राळेगाव-पांढरकवडा भागात, 13 जणांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या अवनी वाघिणीला 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळी घालण्यात आली. म्हणून शेताच्या कडेला वाघ दिसला तर गाडीतून उतरू नका, वाट अडवू नका, जागेचं लोकेशन टाकू नका. ते पाहून गर्दी जमते, बिथरलेला वाघ पिकात शिरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शेतात कुणीतरी वेचणीला येणार असतं. वाघ दिसल्याचं कळवायचंच असेल तर वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवा.