रोडगा आणि कुकर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा असा सीमेपलीकडे पडला. २०२३ मध्ये त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. पण चुलीला सीमा कळत नाही. अर्धनारीश्वराच्या देवळाचे मोहगाव याच पट्ट्यातले, आणि इथला रोडगा नागपूरकडचाच.

आम्हा गोवेकरांना रोडगा ठाऊक असतो तो संत एकनाथांच्या भारुडातून. सासुरवासाने गांजलेली सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि मागते काय, तर सासरच्या साऱ्या माणसांपासून सुटका! नाथांचा रोख अध्यात्माकडे आहे हे खरे. तरी सोळाव्या शतकातल्या स्वयंपाकघरातला शीण त्यात ऐकू येतोच.

रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या घट्ट कणकेचा गोळा. गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसू द्यायचा, मग निखाऱ्यांवर गोळे फिरवत भाजून गरम राखेत मुरवायचे. राख झटकून रोडगा फोडायचा, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. घाई केली की वरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

ही चिकाटी रोज कशी परवडावी? मराठीत छापील पाककृती आल्या त्या १८७५ च्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’सारख्या पुस्तकांतून, पण कृती छापली म्हणून श्रम काही कमी झाले नाहीत. १९१० मध्ये बंगालच्या इंदुमाधव मल्लिकांनी इकमिक कुकर काढला. खाली कोळसा, वर डब्यांची चळत; तोही सावकाशच शिजवी, पण राखण बसावे लागत नसे. १९५९ पासून हॉकिन्स, प्रेस्टिज यांचे प्रेशर कुकर आले. दाबामुळे पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, आणि चुलीवर तासभर रेंगाळणारी तूरडाळ काही शिट्ट्यांत शिजते.

मात्र कुकरची ही किमया पाण्याची आहे. रोडग्याला हवी कोरडी आच, धूर आणि राख. म्हणून वाटणी आपोआप झाली: वरण कुकरमध्ये गेले, रोडगा गोवऱ्यांवरच राहिला, पण रोजच्या ताटातून उठून नवसाला आणि शेतातल्या पंगतीला जाऊन बसला. तिथे आच सांभाळायला पुरुषही बसतात. आमच्याकडे रगडा आणि मिक्सर यांचे असेच झाले.

जुन्या चवीसाठी हळहळणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ती चव रोज कुणाच्या तरी कमरेवर उभी होती. कुकरने रोडगा मारला नाही. त्याला सक्तीतून सोडवले. आज तो हौसेने होतो, आणि भारुडातल्या सुनेने मागितलेली सुटका थोडीशी का होईना, तिच्या लेकीसुनांना मिळाली आहे.