फेराइटचे उभे खांब

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलांना मी या खांबांचा इतिहास 1972 सालापासून सुरू करून सांगते. चुंबकत्व आणि विद्युत यांचं नातं क्रोमियम ऑक्साइडमध्ये 1960 सालीच दिसलं होतं, पण फार क्षीण. 1972 मध्ये हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत व्हान सुख्टेलेन यांनी वेगळी वाट सुचवली: एकाच पदार्थाकडून दोन्ही गुण कशाला मागायचे? चुंबकीय क्षेत्रात आकार बदलणारं कोबाल्ट फेराइट आणि दाबाने विद्युतभार दाखवणारं बेरियम टायटनेट एकत्र घट्ट जोडा. एकाचा ताण दुसऱ्याला पोचेल. फार सुंदर कल्पना!

पातळ थरांत मात्र ती अडली. थर एकावर एक रचले की खालचा जाड स्फटिक त्यांना जखडून ठेवतो.

2004 मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या राममूर्ती रमेश यांच्या गटाने दोन्ही ऑक्साइडं एकाच मिश्र टार्गेटमधून लेसरच्या स्पंदांनी उडवली. तापलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटवर बसताना ती आपसूक वेगळी झाली आणि बेरियम टायटनेटमध्ये फेराइटचे 20 ते 30 नॅनोमीटर जाडीचे खांब उभे राहिले. उभ्या खांबांना खालचा स्फटिक तितका जखडत नाही. या कामाच्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुणे विद्यापीठातून गेलेले सतीशचंद्र ओगले होते, हे मी आवर्जून सांगते.

या खांबांमधून गळणारा विद्युतप्रवाह ही अडचण मोठी आहे. मुलांनो, तिच्यावर काम करा.