दऱ्या कीं दर्या? पन्हाळ्याच्या टिपणांतील एक पाठभेद

मोडीचें बाळबोध करणारास पाठशुद्धीचें महत्त्व सांगावयास नको. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, शब्दहि सलग लिहिलेले असतात. म्हणून संशयस्थळीं प्रश्नचिन्ह घालून पुढें जावें लागतें. लेखनाचें साधन बदललें कीं शंका उत्पन्न होतात. संगणकावरील अक्षरजुळणीची एक प्रणाली सोडून दुसरी धरतांना आम्हांस हाच अनुभव आला.

डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक प्रणालीस फ्रान्स वेल्थुइस यांनीं देवनागरीची जोड दिली; तींत मजकूर रोमन अक्षरांत लिहावयाचा असतो. पुढें २००४ मध्यें जोनाथन क्यू यांची झीटेक आली. ती युनिकोडांतील नागरी थेट घेते. पन्हाळ्याविषयींचीं आमचीं टिपणें पहिलींतून दुसरींत नेतांच 'हें अक्षर या टंकांत नाहीं' अशा सूचनांची रांग लागली. जुन्या ठेवणींत अशी सूचना केवळ कामाच्या नोंदवहींत उतरे. पान मात्र निर्वेध तयार होई आणि अक्षराच्या जागीं रिकामी चौकट राही.

सूचना मिटाव्या म्हणून आम्हीं मजकुरांतील अदृश्य खुणा सरसकट काढल्या, आणि येथेंच चूक झाली. 'दऱ्या' या शब्दांतील अर्धा र युनिकोडांत दोन रीतींनीं लिहितां येतो: स्वतंत्र 'ऱ' घेऊन, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडखूण यांनीं. आमच्या टिपणांत दुसरी रीत होती. जोडखूण जातांच अर्ध्या र चा रफार झाला व 'गडाखालच्या दऱ्यांत चौक्या' यांच्या 'दर्यांत चौक्या' झाल्या. 'दर्या' हाहि शुद्धच शब्द. त्यामुळें यंत्रानें एकहि सूचना दिली नाहीं.

प्रसंग १६६० च्या वेढ्याचा होता. सिद्दी हें नांव आणि त्याजवळ दर्या, एवढें दिसल्यावर वाचकास जंजिऱ्याचें आरमार आठवावें यांत नवल नाहीं. परंतु वेढा घालणारा सिद्दी जौहर हा कर्नूळचा, आदिलशाहीचा सरदार. आणि शिवाजी महाराज त्या जुलैंत रात्रीं निसटले ते विशाळगडाकडे, घाटवाटांनीं. पन्हाळ्यास समुद्र कोठला? एक खूण गेल्यानें इतिहासांत खोटा समुद्र शिरला असता.

यावरून संग्राहकांस आमचें सांगणें इतकेंच. मूळ उतारा हात न लावतां जपावा. प्रत्येक सूचना पाठभेदाप्रमाणें स्वतंत्र तपासून निर्णय नोंदवावा. २०२१ पासून टेकमधील 'ट्रेसिंगलॉस्टचार्स' हें मूल्य ३ ठेवल्यास अक्षर गळतांच ती चूक म्हणून पुढें येते. तें तसें ठेवावें. 'ऱ्य' व 'ऱ्ह' यांची संख्या जुन्या व नव्या प्रतींत मोजून ताडावी. सूचना थांबली म्हणजे शंका फिटली असें नव्हे. आमची चूक यंत्रानें दाखविली नाहीं. जुनी प्रत शेजारीं ठेवून वाचली तेव्हां ती सांपडली.