जुन्या पद्मिनीचं ट्युनिंग कसं करतात? कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी हे वाचा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा तिचे रील्स तुमच्या फोनवर आलेच असतील. पण खासगी पद्मिनी अजूनही अनेकांच्या अंगणात, पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या आहेत. तुमच्या घरी आजोबांची किंवा काकांची अशी एखादी गाडी असेल आणि ती "मिसिंग मारते", "स्लोला उभी राहत नाही", "पेट्रोल फार खाते" अशी तक्रार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी थोडी ओळख. ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली, १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसी, चार सिलेंडर. त्यात ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. आजच्या गाडीत ईसीयू जे काम करतो, ते इथे दोन यांत्रिक वस्तू करतात. पेट्रोल किती द्यायचं ते कार्ब्युरेटर ठरवतो आणि ठिणगी कधी टाकायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. आपल्याकडचे मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला "डेल्को" म्हणतात. गॅरेजमध्ये तोच शब्द वापरा, काम लवकर होईल.

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात

मीही तेच केलं होतं. मामांची पद्मिनी स्लोला थरथरायची. व्हिडिओ बघून मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि रविवारची अख्खी सकाळ कार्ब्युरेटरचे स्क्रू आत-बाहेर करत बसलो. फरक शून्य. शेवटी डेल्कोची टोपी उघडली तर सीबी पॉइंट जळून खडबडीत झालेले आणि त्यांच्यातली फट जवळजवळ मिटलेली. चाळीस मिनिटांचं काम होतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: टॅपेट आणि प्लग, मग पॉइंट, मग टायमिंग आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम आवडीनिवडीचा नाही. पॉइंटची फट बदलली की टायमिंग आपोआप बदलतं आणि टायमिंग बदललं की स्लो बदलतो. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक पायरीला आधीची मेहनत वाया.

पॉइंट

डेल्कोच्या आत चार कोनांचा एक दांडा फिरतो. प्रत्येक कोन पॉइंट उघडतो. पॉइंट उघडले की कॉईलमधला करंट तुटतो आणि त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटचा जो फायबरचा तुकडा दांड्याला घासतो, तो हळूहळू झिजतो. फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. म्हणजे कोणी हात न लावताही गाडीचं टायमिंग वर्षभरात मागे सरकत जातं. "गाडी पूर्वीसारखी पळत नाही" यामागे कितीतरी वेळा एवढंच असतं.

इंजिन असं फिरवा की फायबर बरोबर कोनाच्या टोकावर येईल, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडे असतील. मग फिलर गेजने फट बघा. साधारण ०.४ मिमीच्या आसपास असते, पण नेमका आकडा तुमच्या डेल्कोच्या पुस्तकातलाच घ्या. पॉइंटवर खड्डा आणि टेकडी झाली असेल तर घासत बसू नका, सरळ नवे टाका. सोबत कंडेन्सरही बदला. तो खराब असेल तर नवे पॉइंटही लवकर जळतात.

आणि हो, टोपी काढण्याआधी फोनने दोन-तीन फोटो काढा. कुठली वायर कुठल्या प्लगची, हे नंतर आठवत नाही. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन धडधडेल, फटाके फोडेल आणि तुम्ही पुन्हा कार्ब्युरेटरला दोष द्याल.

ठिणगी आधी का टाकायची?

हा भाग नीट समजून घ्या, बाकी सगळं यावरच उभं आहे. पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम फुटत नाही, ते पेटत जातं आणि त्याला वेळ लागतो. ढोबळ हिशेबासाठी २ मिलिसेकंद धरू. ८०० आरपीएमला इंजिन तेवढ्या वेळात सुमारे १० अंश फिरतं. ३००० आरपीएमला ३६ अंश! पिस्टन वरून खाली निघाल्यावर लगेच जास्तीत जास्त दाब हवा असेल, तर ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पडायला हवी, आणि वेग वाढेल तशी अजून आधी. ही वाढ डेल्कोच्या आतली छोटी वजनं आणि स्प्रिंग करतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि दांडा पुढे सरकतो. आपण फक्त सुरुवातीची जागा लावून द्यायची.

त्यासाठी महागडी टायमिंग लाइट लागत नाही, १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकला. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला असेल तर हवेचा दाब जाणवतो, म्हणजे तो सिलेंडर कॉम्प्रेशनवर येतोय. पुलीवरची खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर आणून थांबा. आता बल्बची एक वायर कॉईलच्या त्या टोकाला लावा जिथून डेल्कोकडे बारीक वायर जाते, आणि दुसरी बॉडीला. चावी ऑन करा. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला असतो, उघडले की पेटतो. डेल्कोचा नट सैल करून डेल्को हळूहळू फिरवा. बल्ब ज्या क्षणी पेटेल तिथे थांबा आणि नट आवळा. झालं. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट डेल्को फिरवला की टायमिंग पुढे जातं. चावी उगाच ऑन ठेवू नका, पॉइंट बंद असतील तर कॉईल तापते.

कानाने टायमिंग लावणारे उस्ताद असतात, पण आपण ते नाही. पॉइंट बसवल्यावर उत्साहात मी डेल्को थोडा अजून पुढे सरकवला. सपाट रस्त्यावर पिकअप भन्नाट! मग चार जणांना घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट चढताना टॉप गिअरमध्ये पाय दाबला आणि इंजिनमधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. मामांनी लगेच विचारलं, "अरे, डेल्को हलवलास का तू?" ते नॉकिंग होतं. ठिणगी फार लवकर पडली की दाब आणि उष्णता इतकी वाढते की उरलेलं मिश्रण आपलं आपणच फुटतं आणि त्याचा मारा पिस्टनवर बसतो. असंच दामटलं तर पिस्टन किंवा हेड गॅस्केट जातं. कडेला थांबून डेल्को मागे घेतला, तेव्हा कुठे पुढे जाता आलं. भार असताना चढावर तो आवाज आला की पाय काढा, खालचा गिअर टाका आणि घरी जाऊन टायमिंग पुन्हा तपासा.

आता कार्ब्युरेटर

इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण उघडा आहे ना ते बघा. सोलेक्स पद्धतीच्या कार्ब्युरेटरवर आपल्याला दोनच स्क्रू लागतात. एक रेसचा, जो थ्रॉटलची पाकळी किती उघडी राहील ते ठरवतो. दुसरा खालचा मिश्रणाचा. हा आत गेला की पेट्रोल कमी, बाहेर आला की जास्त. (जुन्या बाईकवर हवेचा स्क्रू असतो, तिथे नेमकं उलटं, त्यामुळे बाईकची सवय इथे चालत नाही.) स्क्रू आत जाताना जोर लावू नका, टोक चिरडलं तर नवाच घ्यावा लागतो.

मिश्रणाचा स्क्रू हळूच पूर्ण आत टेकवा आणि दीड वळण बाहेर काढा. इंजिन चालू करून पाव-पाव वळण फिरवत जा. आत नेताना इंजिन लडखडेल, बाहेर काढताना आवाज जड होईल आणि धुराला पेट्रोलचा वास येईल. मधे जिथे इंजिन सगळ्यात वेगात आणि गुळगुळीत चालतं ती जागा. मग रेसचा स्क्रू कमी करून स्लो खाली आणा, मिश्रण पुन्हा एकदा बघा.

स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही? माझं तेच झालं होतं. टायमिंग मागे असलं की इंजिन स्लोला दम तोडतं, म्हणून कोणीतरी रेसचा स्क्रू वाढवतो. पाकळी जास्त उघडते आणि पेट्रोल मिश्रणाच्या स्क्रूला वळसा घालून दुसऱ्या भोकांतून यायला लागतं. तिथे स्क्रू बिचारा काय करणार! क्रम पाळला असेल तर दुसरं कारण म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून खेचली जाणारी हवा.

अजून एक गोष्ट, जी या गाड्या बनल्या तेव्हा नव्हती. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्या हिशेबानेच मिश्रण देतो आणि ते पातळ पडतं. त्यामुळे स्क्रू पूर्वीपेक्षा थोडा बाहेर लागला तर घाबरू नका. पण जुन्या रबरी पेट्रोल नळ्या मात्र बदलाच. इथेनॉलने त्या फुगतात, चिरतात, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. माझ्या मते ट्युनिंगच्या आधी खर्च करायचा तर तो इथे.

काम मोकळ्या जागेत करा, बंद गॅरेजमधला धूर जीवघेणा असतो. बाही आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवा.

खात्री करायची असेल तर गाडी दहा-पंधरा किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून बंद करा आणि प्लग काढून बघा. नुसतं स्लोला चालवून बघितलेला प्लग फसवतो. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा टायमिंग फार पुढे आहे, आणि अशी गाडी घाटात नेऊ नका.