काडतुसाचे वंगण

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' शिकवताना आम्ही काडतुसांपाशी येतो आणि धर्म बुडण्याच्या भयावरच थांबतो. चरबी तेथे मुळात कशाला हवी होती?

१८५३ च्या एन्फिल्ड बंदुकीच्या नळीत आटे असत. गोळी तोंडाकडून ठासायची. दारूची काजळी साचली की ती अडे. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावीत. ते चरबीचेच हवे, असे मुळीच नव्हते. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने शिपायांना स्वतः तेल-मेण लावण्याची मुभा दिली. पुढे कागद दातांऐवजी हाताने फाडण्याचीही. तोवर बराकपूरच्या शिपायांना त्या कागदाची चकाकीच खुपू लागली होती. भटजींच्या ऐकीव वार्तेइतकाच हा कोरा कागदही आम्हांला वाचनीय वाटतो.