गल्ल्याचे वाटेकरी

चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीत प्रेक्षक जो रुपया टाकतो त्याच्या बदल्यात त्याला तीन तासांची करमणूक मिळते आणि त्याच्यापुरता तो व्यवहार तेथेच पुरा होतो. परंतु सरकार, चित्रगृहाचा मालक, वितरक आणि निर्माता या चार वाटेकऱ्यांच्या हाती तो रुपया कोणत्या क्रमाने जावा आणि शेवटच्या हाती पोहोचेपर्यंत त्यातले किती आणे उरावेत, याविषयीचा तंटा आपल्याकडील चित्रपटधंद्याइतकाच जुना आहे. वरकरणी तो टक्केवारीचा तंटा भासतो. त्याच्या मुळाशी मात्र प्रश्न आहे तो जोखमीचा: चित्रपट पडला तर बुडीत रक्कम कोणाच्या खाती मांडायची? या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलले, तसतशी कोणता चित्रपट किती दिवस चालावा हे ठरविण्याची सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे एक रुपया दराने दाखविण्यात आली, तेव्हा वाटणीचा प्रसंगच नव्हता. यंत्र, चित्र आणि खेळ एकाच्याच ताब्यात होते. त्यानंतरची काही वर्षे चित्रफीत फुटांच्या मापाने विकत घेतली जाई, आणि ज्याने ती घेतली तो तंबू घेऊन गावोगाव हिंडे व फीत झिजेपर्यंत ती दाखवी. नफा सगळा त्याचा आणि नुकसानही त्याचेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवून आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशांवर. पुढे १९१८ मध्ये त्यांनी भांडवलदार भागीदार घेऊन ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ काढली, तेव्हा जोखीम वाटली गेली खरी, पण तिच्याबरोबर अधिकारही वाटला गेला, आणि भागीदारांशी खटके उडून स्वतः फाळकेच काही काळ काशीला निघून गेले.

याच सुमारास, १९२३ साली, मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला आणि गल्ल्याला एक असा वाटेकरी मिळाला की ज्याने जोखीम काडीचीही घ्यायची नाही आणि वाटा मात्र सर्वांच्या आधी वसूल करायचा. तेव्हापासून ढोबळ वसुली आणि कर वजा जाता उरलेली निव्वळ वसुली असे दोन आकडे धंद्याच्या हिशेबात रूढ झाले, आणि बाकीच्या तिघांची वाटणी दुसऱ्या आकड्यावरून होऊ लागली. इकडे कलकत्त्याच्या जमशेटजी मादन यांच्या कंपनीने निर्मिती, वितरण आणि शंभराहून अधिक चित्रगृहे एका छत्राखाली आणून वाटणीचा प्रश्नच जणू निकालात काढला. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकायचे, तेथे करार कसला? परंतु ज्यांच्यापाशी स्वतःची चित्रगृहे नव्हती त्यांना पडदा मिळेना, आणि या मक्तेदारीविषयीच्या तक्रारी चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठी १९२७ मध्ये नेमलेल्या रंगाचारियर समितीपुढे गेल्या. अमेरिकेत हाच तंटा न्यायालयात गेला आणि १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंटच्या खटल्यात मोठ्या निर्मिती-कंपन्यांच्या विरुद्ध निकाल दिला, त्यातून त्यांना आपली चित्रगृहे वेगळी काढावी लागली. आपल्याकडे असा निवाडा करण्याची वेळच आली नाही, कारण मादन कंपनीचे साम्राज्य बोलपटांच्या आगमनानंतर आपोआपच ढासळले.

१९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीची घडी वेगळी होती. कलावंत, तंत्रज्ञ आणि कामगार पगारी, चित्रे स्वतःच्या शिस्तीत तयार होणारी, वितरणाची बाजू सांभाळणारे बाबूराव पै पुढे भागीदारच झालेले; त्यामुळे एका चित्राचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यात जिरवण्याचे सामर्थ्य या संस्थेत होते. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ वर्षाहून अधिक काळ चालला, तो लोकांच्या भक्तीमुळे हे खरेच. परंतु प्रेक्षक सावकाश जमेपर्यंत वाट पाहण्याची ऐपत आणि इच्छा असलेला मालकही त्याच्यामागे उभा होता, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात बेहिशेबी पैसा या धंद्यात शिरला, नटनटींचे भाव चढले, पगारी स्टुडिओ मोडकळीस आले आणि उसनवारीवर एकेक चित्र काढणारा स्वतंत्र निर्माता पुढे आला. चित्रपटधंद्याची चौकशी करणाऱ्या स. का. पाटील समितीच्या १९५१ च्या अहवालात या अवस्थेचे विस्तृत वर्णन आहे. या निर्मात्यापाशी तोटा सोसण्याची कुवत नसल्यामुळे त्याने जोखीम वितरकाच्या गळ्यात घातली, आणि ‘मिनिमम गॅरंटी’ची पद्धत सार्वत्रिक झाली. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत जसा महालाचा मक्तेदार सारा वसूल होण्याआधीच सरकारात रक्कम भरी आणि मग रयतेकडून काय निघेल ते काढी, तसा हा वितरक चित्र पुरे होण्याआधीच आपल्या ‘टेरिटरी’पुरती रक्कम मोजू लागला. वसुलीतून ती रक्कम, प्रतींचा व जाहिरातीचा खर्च आणि आपली दस्तुरी फिटली की उरलेला ‘ओव्हरफ्लो’ निर्मात्याबरोबर वाटून घ्यायचा. या टेरिटऱ्यांच्या सीमा इंग्रजी अमलाच्या नकाशावर आखलेल्या होत्या: मुंबई-पुणे ‘बॉम्बे सर्किट’मध्ये, विदर्भ ‘सी. पी. बेरार’मध्ये आणि मराठवाडा ‘निझाम’मध्ये; त्यामुळे महाराष्ट्र एक झाल्यावरही मराठी चित्राच्या निर्मात्याला आपल्याच राज्यात तीन बाजारांत सौदा करावा लागे.

चित्रगृहवाल्याने तर याहून सुरक्षित जागा पटकावली. काही ठिकाणी तो निव्वळ वसुलीचा टक्का घेई, पण शहरांत बहुधा आठवड्याचे ठराविक भाडे घेई. घर भरो वा रिकामे राहो, भाडे चुकत नसे. शिवाय वसुली करारातल्या ‘होल्डओव्हर’ आकड्याखाली घसरली की चित्र उतरविण्याचा अधिकार त्याचाच. दररोजच्या वसुलीच्या तक्त्यावर लक्ष ठेवण्यासाठी वितरक आपला माणूस चित्रगृहात बसवी, कारण ज्याच्या हाती खिडकी त्याच्या प्रामाणिकपणावर सर्वांचा हिशेब अवलंबून होता. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रगृहात पडदा मिळण्यावरून वाद झाला आणि तो शिवसेना मध्ये पडल्यावरच मिटला, यावरून पडद्याच्या मालकाचे वजन किती वाढले होते याची कल्पना यावी.

१९९७ नंतर मल्टिप्लेक्स आले, आणि भाड्याची जागा टक्केवारीने घेतली. ही टक्केवारी किती असावी यावरून तंटा पेटला आणि हिंदी निर्माते-वितरकांनी एप्रिल २००९ पासून सुमारे दोन महिने नवी चित्रे मल्टिप्लेक्सना देणेच बंद केले. अखेरीस समेट झाला तो असा की, निव्वळ वसुलीतून वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के मिळावेत. उपाहारगृहाची मिळकत या वाटणीच्या बाहेर, म्हणजे सर्वस्वी चित्रगृहवाल्याची राहिली.

या उतरत्या श्रेणीचा परिणाम दूरगामी आहे. पहिल्या आठवड्याचा वाटा सर्वांत मोठा असल्यामुळे निर्माता जाहिरातीचा सारा पैसा आणि मिळतील तितके पडदे त्याच सात दिवसांत ओततो. चौथ्या आठवड्याचे सत्तर टक्के कागदावर चित्रगृहवाल्याचे असतात, पण तोवर पुढचे चित्र दाराशी उभे असते आणि जुने चित्र रिकाम्या खुर्च्यांपुढे चालविण्यापेक्षा नव्याच्या गर्दीला खाद्यपेये विकणे त्याला अधिक किफायतीचे वाटते. थोडक्यात, आता सबुरी दोघांनाही परवडत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळेचा खेळ देण्याची सक्ती केली, ती योग्यच होती. परंतु तिकिटांची उचल मंदगतीने होणारे चित्र तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकायचे असेल, तर त्या तीन आठवड्यांचा तोटा कोण सोसणार हे करारात लिहिलेले असावे लागते, आणि सक्तीच्या आदेशाने ते कलम लिहून मिळत नाही.