जोना हेक्स

१२. लेखकाला इथे अभिप्रेत आहे तो जोना हेक्स. डीसी कॉमिक्सच्या ‘ऑल-स्टार वेस्टर्न’च्या १०व्या अंकात (१९७२) तो प्रथम अवतरला, लेखक जॉन अल्बानो, चित्रकार फिलिपाइन्सचे टोनी डिझुनिगा. डोक्यावर इनाम असलेल्या फरारी गुन्हेगारांना जिवंत किंवा मेलेले आणून देणे हा त्याचा धंदा. अंगात अमेरिकन यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या फौजेचा करडा कोट, उजवा डोळा बटबटीत, आणि वरच्या ओठापासून खालच्या ओठापर्यंत ताणलेली कातडीची पट्टी. दवाखान्यातल्या शरीररचनेच्या तक्त्यावर अर्धा माणूस सोललेला पाहून हा चेहरा सुचला, असे डिझुनिगा सांगत. व्रणामागची हकीकत पुढे मायकेल फ्लायशर यांनी रचली: अपाची टोळीच्या नायकाने शिक्षा म्हणून तापल्या टोमाहॉकने दिलेला डाग. हेक्सचा शेवटही फ्लायशर यांनी १९७८मध्येच सांगून टाकला: १९०४ साली म्हातारा हेक्स बेसावध असताना गोळी खातो, आणि त्याचे प्रेत पेंढा भरून ‘वाइल्ड वेस्ट शो’त मांडले जाते. चालू मालिकेच्या नायकाला असे मरण देण्याची छाती फार थोड्या संपादकांची झाली असती. १९८५मध्ये हेक्सला भविष्यकाळात धाडणारी मालिका निघाली. ती वाचली नाही तरी चालेल. — संपा.